लाटेचा नेम

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली जमीन हादरू लागली आणि हादरतच राहिली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या पट्ट्यात आधी जमिनीच्या पोटातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि पाठोपाठ घर थरथरायचं. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात धक्क्यांमागून धक्के बसले. त्यांतल्या सर्वांत मोठ्याची तीव्रता ४ च्या पुढे होती. ऐन थंडीत पाड्यांवरची माणसं लेकरांना घेऊन तंबूंत झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले आणि धक्क्यांचं मूळ शोधायला घेतलं.

हे मूळ शोधायची रीत विलक्षण आहे. धक्क्याची लाट उगमापासून चहूकडे पसरते. जवळच्या यंत्राला ती आधी कळते, लांबच्या यंत्राला उशिरा. निरनिराळ्या गावांतल्या यंत्रांनी टिपलेल्या वेळा एकमेकींशी ताडून पाहिल्या की गणित लाटेच्या उलट दिशेने चालत जातं आणि जमिनीखाली काही किलोमीटरवरच्या एका जागेशी येऊन थांबतं. तिथे कुणी खणलेलं नाही, कुणी उतरलेलं नाही. केवळ वेळा मोजून ती जागा सापडते.

आता असं समजा की ही यंत्रं नुसती ऐकत नाहीत, त्यांना लाट सोडताही येते. ज्या यंत्राला धक्का सर्वांत शेवटी कळला त्याने सर्वांत आधी आपली लाट सोडायची, ज्याला आधी कळला त्याने शेवटी. मग साऱ्या लाटा एकाच क्षणी उगमाच्या जागी पोचतील. वाटेत त्यांतली प्रत्येक लाट एकटी आणि दुबळी असेल; वाटेतल्या गावांना काही जाणवणारही नाही. त्या एका जागी मात्र सगळ्यांची बेरीज होईल. पॅरिसच्या माथियास फिंक या भौतिकशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास प्रयोगशाळेत ध्वनिलहरींवर हे करून दाखवलं. पसरून गेलेला आवाज त्यांनी उलट्या क्रमाने परत पाठवला आणि तो निघाला होता तिथेच येऊन गोळा झाला.

ही कल्पना मला गेल्या शतकातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते, आणि ती कर्करोगाच्या गाठीपर्यंत कशी पोचली हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे. गाठीवर भौतिक मार्गाने घाव घालायचा तर ताकद हा प्रश्न फारसा कधी नव्हताच. उष्णता, थंडी, वीज, किरण, आवाज यांपैकी कशानेही पेशी मरते. अडचण एवढीच, की गाठीच्या शेजारची निरोगी पेशीही त्यानेच मरते. म्हणून या साऱ्या विद्येचा इतिहास हा नेम धरायला शिकण्याचा इतिहास आहे.

आवाजाचा नेम धरायचा तर त्याच्या लाटेची लांबी आड येते. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने जातो. आपल्या कानाला ऐकू येणारा, सेकंदाला हजार कंपनांचा आवाज घेतला तर त्याची एक लाट दीड मीटर लांब होते. अख्ख्या माणसाएवढी लाट त्याच्या यकृतातल्या सुपारीएवढ्या गाठीवर एकवटणार कशी? पण कंपनं सेकंदाला १० लाख केली की लाट दीड मिलिमीटरवर येते, आणि मग तिला वळवून, गोळा करून एका भाताच्या दाण्याएवढ्या जागेत आणता येतं. गरोदर बाईची सोनोग्राफी होते ती अशाच लाटांनी. तिथे त्या अगदी सौम्य असतात आणि त्यांचं काम फक्त प्रतिध्वनी घेऊन परत येण्याचं असतं.

शरीर न उघडता लाटेने आतलं काही फोडता येतं, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे ते मुतखड्यामुळे. आवाजाहून वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूत आघातलहरी कशा जातात, याचा अभ्यास जर्मनीतली डॉर्निअर ही विमान कंपनी करत होती. त्यातून निघालेलं ज्ञान डॉक्टरांच्या हाती आलं आणि ७ फेब्रुवारी १९८० ला म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा मुतखडा शरीराबाहेरून फोडला गेला. पण खडा कडक आणि ठिसूळ असतो. गाठ मऊ असते, ओली असते, आणि तिच्या सभोवती तिच्याइतकाच मऊ, जिवंत अवयव असतो. खडा तडकतो तशी ती तडकत नाही.

म्हणून गाठीसाठी आधी उष्णतेचा रस्ता धरला गेला. तीव्र ध्वनिलहरी एका जागी एकवटल्या की तिथलं तापमान एक-दोन सेकंदांत साठ अंशांपलीकडे जातं आणि तेवढ्या जागेतली प्रथिनं गोठून पेशी मरतात. अमेरिकेत १९४२ मध्येच याचे पहिले प्रयोग छापून आले, आणि १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी मेंदूच्या खोल भागांवर असा नेम धरून पाहिला. आज कंपवाताच्या काही रुग्णांवर कवटी न उघडता उपचार करणारं यंत्र आहे. त्यात १०२४ स्वतंत्र स्रोत असतात. कवटीचं हाड कुठे जाड, कुठे पातळ. त्यातून जाताना प्रत्येक लाट कमीजास्त अडखळते. म्हणून सीटी स्कॅनवरून हाडाची जाडी मोजून प्रत्येक स्रोताला त्याची स्वतःची वेळ नेमून दिलेली असते. भूकंपाच्या नोंदी उलट्या चालवण्याचं मघाचं गणित इथे जसंच्या तसं राबतं आहे.

उष्णतेला मात्र एक खोड आहे. ती जागेवर थांबत नाही. शेजारी पसरते, आणि जवळून मोठी रक्तवाहिनी जात असेल तर रक्त ती वाहून नेतं. गाठीची एक बाजू शिजते आणि वाहिनीलगतची कड जिवंत राहते. यकृत तर रक्ताने भरलेला अवयव.

इथे मिशिगन विद्यापीठातल्या झेन शू यांची गोष्ट येते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या चार्ल्स केन यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. पाण्यात ठेवलेल्या डुकराच्या हृदयाच्या तुकड्यावर त्या ध्वनीचे ठोके टाकत, आणि त्या यंत्राचा आवाज प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना नकोसा होई. त्यांनी तक्रार केली. शू यांनी सेकंदाला पडणारे ठोके इतके वाढवले की तो आवाज कानाच्या टप्प्याबाहेर जावा. शेजाऱ्यांना शांतता मिळाली आणि समोर, मिनिटाभरात, मांसाला आरपार भोक पडलेलं दिसलं. भाजल्याची खूण नव्हती.

तिथे जे घडत होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ध्वनिलहर म्हणजे आळीपाळीने दाब आणि ताण. दाबाच्या क्षणी पदार्थ आवळला जातो, ताणाच्या क्षणी ओढला जातो. शरीर बहुतांशी पाणी आहे, आणि पाणी ओढ सहन करतं, पण अमर्याद नाही. हवेच्या दाबाच्या अडीचशे पटींहून अधिक ताण पडला की पाणीच फाटतं. डोळ्यांना कधी न दिसणारे सूक्ष्म बुडबुडे एका झटक्यात पेशीच्या कितीतरी पट मोठे होतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत मिटून जातात. त्या उघडझापेत सापडलेली पेशी ताणली जाते आणि फाटते. पुढचा ठोका, पुन्हा बुडबुडे, पुन्हा फाटणं. असे असंख्य ठोके पडले की त्या जागी पेशी उरतच नाहीत. उरतो पातळ द्रव, आणि तो शरीर पुढच्या आठवड्यांत हळूहळू शोषून घेतं. ठोका काही मायक्रोसेकंदांचा आणि दोन ठोक्यांमधली उसंत त्याच्या शेकडो पट, म्हणून उष्णता साचायला वेळच मिळत नाही. या पद्धतीला हिस्टोट्रिप्सी म्हणतात.

तिच्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ज्या जागेत पेशींचा चुरा होतो त्याच जागेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका पुष्कळदा शाबूत राहतात. त्यांच्या भिंतींत कोलॅजनचे चिवट धागे असतात, आणि तेवढ्या ताणाला ते पुरून उरतात. म्हणजे नेम जागेचा तर आहेच, वर पदार्थाच्या चिवटपणाचाही आहे. शिवाय हे सारं डॉक्टरांना त्याच क्षणी दिसतं: बुडबुड्यांचा ढग सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा लकाकतो आणि काम झालेली जागा काळी पडते. किरणोपचारात किंवा औषधांत परिणाम पाहायला आठवडे थांबावं लागतं.

अमेरिका आणि युरोपातल्या ज्या चाचणीवर हिस्टोट्रिप्सीच्या यंत्राची मान्यता उभी आहे तिच्यात यकृतात गाठी असलेले ४४ रुग्ण होते. ठरवलेली जागा नष्ट करण्यात ९५ टक्के वेळा यश आलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यकृतातल्या गाठींसाठी परवानगी दिली. चाचणी गाठ नष्ट होते का आणि ते सुरक्षित आहे का, एवढंच विचारणारी होती. रोग आटोक्यात राहून आयुष्य किती वाढतं, हा त्याच्या पुढचा आणि मोठा प्रश्न आहे. मर्यादाही उघड आहेत. हवेपुढे ध्वनिलहर हरते, म्हणून फुप्फुस आणि हवा भरलेलं आतडं आड येतं. बरगड्यांचं हाड तिला अडवतं. श्वासागणिक यकृत वरखाली सरकतं आणि नेम सरकता ठेवावा लागतो. पण उंदरांवरच्या प्रयोगांत एक आशेची गोष्टही दिसली आहे. एक गाठ अशी फोडल्यावर, हात न लावलेली दुसरी गाठही कधीकधी लहान झाली. फाटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले न भाजलेले, न बिघडलेले तुकडे रोगप्रतिकारक पेशींना शत्रूची ओळख पटवून देत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगतो, कारण त्यांतल्या काही आपल्या मुंबईत रुळलेल्याच आहेत. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने गाठीत बारीक सुई घालून तिच्या टोकाशी रेडिओ लहरींनी किंवा मायक्रोवेव्हने उष्णता निर्माण करायची, ही रीत टाटा मेमोरियलमध्ये यकृताच्या छोट्या गाठींसाठी वापरली जाते. उलट टोकाला थंडी: इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या जेम्स अर्नॉट यांनी १८५० च्या आसपासच बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणाने बाहेरून पोचता येणाऱ्या गाठी गोठवल्या होत्या, आज सुईच्या टोकाशी आर्गॉन वायू एकदम पसरू दिला की टोक उणे शंभर अंशांच्याही खाली जातं. तिसरी वीज. दोन सुयांमध्ये हजारो व्होल्टचे पण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढे झटके दिले की पेशीच्या पातळ आवरणाला कायमची छिद्रं पडतात आणि ती मरते, भाजत नाही.

किरणांचा नेम हा मात्र स्वतंत्र चमत्कार आहे. क्ष-किरण शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाटेतल्या साऱ्यांना थोडंथोडं भाजत जातो. प्रोटॉन तसं करत नाही. वेगात असताना तो वाटेतल्या अणूंना निसटता स्पर्श करतो. वेग कमी होत जातो तसा प्रत्येक अणूजवळ तो अधिक काळ रेंगाळतो, अधिक ऊर्जा टाकतो, आणि अगदी शेवटच्या काही मिलिमीटरांत उरलेलं सारं ओतून थांबतो. त्याच्यापलीकडे जवळजवळ काही जात नाही. विल्यम ब्रॅग यांनी १९०४ च्या सुमारास अल्फा कणांत हे वागणं पाहिलं. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेल्या रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये लिहिलं, की याच वागण्याने कर्करोगावर नेम धरता येईल. टाटा मेमोरियलच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत प्रोटॉन उपचाराचं यंत्र ११ मे २०२३ ला राष्ट्राला अर्पण झालं. शेकडो टनांचा सायक्लोट्रॉन तिथे प्रोटॉनना २३ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतो आणि तीन फिरत्या चौकटी त्यांना रुग्णाभोवती हव्या त्या कोनातून सोडतात. लहान मुलांच्या मेंदूतल्या गाठींसाठी याचं मोल फार मोठं आहे, कारण त्या मुलांना पुढे अख्खं आयुष्य जगायचं असतं आणि वाढत्या मेंदूचा प्रत्येक वाचलेला भाग मोलाचा असतो.

पालघर जिल्ह्यातल्या वाचकाला इथे एक नातं सांगायला हवं. डहाणूच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. ते ज्या अणुऊर्जा खात्याखाली येतं त्याच खात्याकडे १९६२ पासून परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. देशातल्या कितीतरी रुग्णालयांत किरणोपचारासाठी लागणारं कोबाल्ट-६० आपल्या वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांतच, राजस्थानात रावतभाट्याला, तयार होतं. त्याच्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचं स्वदेशी यंत्र बनवलं आणि पहिलं यंत्र २००५ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमध्येच बसवलं.

नातं आहे, पण अंतरही आहे. डहाणू रोडहून परळ सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २०१३ पासून विरार-डहाणू लोकल धावते, पण तलासरीच्या आतल्या पाड्यावरून आधी जीप, मग एसटी किंवा टेम्पो, मग गाडी. ‘टाटाला दाखवलंत का?’ हा प्रश्न इकडेही विचारला जातो, आणि तो विचारला जाईपर्यंत गाठ पुष्कळदा मोठी झालेली असते. खारघरच्या यंत्राचा मला अभिमान आहे. तरी तलासरीच्या आरोग्यासाठी एकच उपकरण निवड म्हटलं तर मी दुसरंच निवडेन. ते हातात मावतं, बॅटरीवर चालतं, आणि गाठ होण्याच्या आधीच काम करतं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग चिवटपणे टिकून राहिला तर पेशी बिघडू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. एवढा काळ या पेशी पृष्ठभागावरच्या पातळ थरात असतात, सहसा ५ मिलिमीटरहून कमी खोलीत. तिथे ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साध्या व्हिनेगरइतकंच, लावलं की मिनिटाभरात बिघडलेली जागा पांढरी दिसू लागते. मग १०० अंशांपर्यंत तापलेलं बोटाएवढं टोक त्या जागेवर वीस-तीस सेकंद टेकवायचं. उष्णता नेमकी काही मिलिमीटर खोल जाते आणि थांबते. यकृतात जी उष्णता पसरते म्हणून त्रास देते, तिची तीच पसरण्याची मर्यादा इथे उपयोगाची ठरते: नेम धरायला लाटा नकोत, सुई नको, रोगच उथळ आहे. या भागात उष्णतेची वेदना फारशी जाणवत नाही, त्यामुळे बहुतेकींना भूलही लागत नाही. थोडी कळ येते. जर्मनीत कुर्ट झेम यांनी ही रीत १९६६ मध्ये आणली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिच्या वापराची मार्गदर्शक सूचना काढली. बिघाड आतल्या नलिकेत शिरलेला असेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल तर मात्र हे उपकरण वापरायचं नाही, मोठ्या रुग्णालयातच पाठवायचं.

खेड्यात हे चालेल का, याचं उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दिलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला डॉ. भगवान नेने यांनी उभारलेल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साथीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी झाली, आयुष्यात फक्त एकदा, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पूर्वअवस्था सापडलेल्या बायकांवर तेव्हा गोठवून किंवा विजेच्या तारेने कापून उपचार झाले. गोठवायला वायूचं जड सिलिंडर लागायचं आणि तीन मिनिटं गोठवणं, पाच मिनिटं वितळणं, पुन्हा तीन मिनिटं गोठवणं, असा वेळही. तापलेलं टोक हे काम मिनिटाच्या आत करतं आणि पिशवीत घालून नेता येतं.

सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची गर्भाशयमुखाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे, आणि डहाणूत आयसीएमआरचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. पाया आहे. अवघड आहे ती वेळ साधणं. डहाणू-तलासरीतली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला निघून जातात. आज तपासणी आणि महिन्याने उपचार असं ठरवलं तर महिन्याने ती बाई भिवंडीला असेल, वसईला असेल. म्हणून तपासणी आणि उपचार एकाच भेटीत व्हायला हवेत. ही भेट ठेवायची कधी, हे आशाताईंना विचारावं: आवणी आटोपलेली असते, भात कापणीला अजून अवकाश असतो, माणसं घरी असतात, असे काही आठवडे श्रावण-भाद्रपदात मिळतात. उपचारानंतरची फेरतपासणी १२ महिन्यांनी करायची असते, आणि त्या वेळी पुढच्या वर्षीची आवणी नुकतीच आटोपलेली असेल.